पार्वतम्माचे नवे गुडघे

नांदेड,
पाडवा होऊन आठ दिवस झाले

प्रिय बिलकीस,

उशिरानं का होईना, ईद मुबारक. यंदा शिरखुर्म्याचा डबा आला नाही, हे मी विसरलेली नाही. महेबूबभाईंना नमस्कार सांग. तुला वाटेल, केवळीला एकदम पत्र लिहायचं काय सुचलं, फोन तर उशाशीच असतो. अगं, फोनवरच बोलले असते. पण तुला कमी ऐकू येतं म्हणून तू फोन स्पीकरवर ठेवतेस, आणि मग आपलं बोलणं तुझ्या बांगड्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना, शेजारच्या अत्तरवाल्याला, सगळ्या बाजाराला ऐकू जातं. मागं मी माझ्या नणंदेबद्दल चार शब्द बोलले होते, ते तिच्यापर्यंत उदगीरहून देगलूरमार्गे पोचले. आजचं बोलणं बाजारासाठी नाही. चश्मा लाव, आत जाऊन बस आणि एकटी वाच. चौथीपर्यंत आपण एका तरटपट्टीवर बसलो, माझं अक्षर तुला लागतं. तुझ्या फरहानला लागायचं नाही, तरी त्याच्या हातात देऊ नको.

मी सध्या लई खुशीत आहे. दोन खुशा आहेत, पैकी मोठी मागून सांगते. पहिली ही की आमच्या सुकन्येला, माझ्या आदिनाथच्या पोरीला, परवाच्या टेस्टमध्ये भरपूर मार्क पडले. लातूरला खोली करून डॉक्टरीच्या परीक्षेची तयारी करून राहिली ना ती. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठा पेपर आहे. तिनं मला स्वतः फोन केला, आणि सांगता सांगता म्हणाली, आज आजीनं शिरा केला. मी म्हटलं, मी कुठं केला गं? तर म्हणे, तू नाही, इथली आजी. बघ बिलकीस. पोरगी जन्मली तेव्हापासून ह्या घरात आजी म्हटलं की मी. पहिली अंघोळ मी घातली, पहिल्या बांगड्या तुझ्या हातून मी भरवल्या. आता आजी म्हणजे पार्वतम्मा, आणि मी कोण, तर नांदेडची आजी. जशी नांदेडची एसटी, तशी नांदेडची आजी.

पार्वतम्माबद्दल तुला मी काय सांगावं. तुझ्या मागच्याच गल्लीत तिचं घर, आणि तिच्या पोरीला बांगड्या भरता भरता ही सोयरीक तूच जुळवलीस. त्याचा राग मी तुझ्यावर अजून काढलेला नाही. तिचे गुडघे कसे होते, तू डोळ्यांनी बघितलंस. देवळाच्या पहिल्या पायरीशी उभी राहून खालूनच हात जोडायची. खाली बसली की उठवायला दोन बाया लागायच्या. खरं सांगते, तेव्हा ती मला आवडायची. दोघींचे गुडघे दुखायचे, भेटलो की तेल कोणतं, पाला कोणता, शेक बरा की बर्फ, हेच बोलणं. दोन विहिणींमध्ये ह्याहून चांगला जिव्हाळा कुठून येणार? एकीचा जास्त ठणकला की दुसरीला जरा बरं वाटायचं, पण वरून दोघी सारख्याच हळहळायच्या.

मग तिच्या लेकाला, मलप्पाला, खबर लागली की हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात गुडघ्यांवर नवीन इलाज करून बघून राहिलेत. आपल्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा, यंत्रात घालून फिरवायचा, त्यातल्या कामाच्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि सुईनं गुडघ्यात सोडायच्या. झिजलेल्या जागी त्या पेशींनी नवीन गादी धरावी, निदान दुखणं तरी उतरावं, अशी आशा. धरतेच असं डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नव्हते. ते पडताळाच बघत होते, म्हणून माणसं निवडून घेत होते, ज्यांची झीज बेताची आहे अशीच. पार्वतम्माला घेतलं. मलप्पाला आडतीतून सवड नाही, तेव्हा उदगीरहून गाडीत बसवून तिला नेली-आणली कुणी, तर आमच्या आदिनाथनं. जावई असून लेकाचं काम केलं. तिथल्या कागदांवर नंबरही त्याचाच दिला, कारण पार्वतम्माचा फोन कधी ज्वारीच्या डब्यात असतो तर कधी देवाच्या मागं.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीत ती आमच्याकडं आली आणि फराळाचं ताट घेऊन चक्क मांडी घालून खाली बसली. सूनबाईनं खुर्ची पुढं केली तर म्हणाली, आता लागत नाही. मग कुणी विचारो न विचारो, एकच टकळी, डॉक्टरांनी मला निवडलं. जशी काही दिल्लीला निवडून गेली. सुकन्या तर तिच्या गुडघ्यापाशी बसून हात लावून बघायची, पेशी कशा वाढतात ते मला समजावून सांगायची, चित्र काढून दाखवायची. मी खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्या दिवाळीला चकली कडू लागली मला.

मला जळायला कारण आहे, ऐक. पार्वतम्माच्या गुडघ्यांवर आयुष्यात काय पडलं? तिचं स्वतःचं वजन. माझ्या गुडघ्यांवर भिंत पडली. भूकंपाच्या वर्षी गणपती बुडवून गाव झोपलं आणि आमचं निलंग्याकडचं दगड-मातीचं घर जागच्या जागी बसलं. आमच्या धन्यानं, अण्णारावांनी, आधी आदिनाथला काढलं, मग मला. माझ्या कमरेखाली नुसते दगड. जीव राहिला म्हणून गुडघ्यांची कुणी गिनतीच केली नाही, मीही नाही. ज्या गावात घराघरातून माणसं गेली तिथं गुडघा दुखतो म्हणून कुणाला सांगायचं? पत्र्याच्या शेडमध्ये पाय लांब करून बसले होते तेव्हा तू एसटीनं आलीस, भाकरीचं गाठोडं आणि बांगड्यांची पेटी घेऊन. शेडमधल्या बाया तुझ्यावर चिडल्या, ह्या वक्ताला बांगड्या कसल्या म्हणून. तू माझे उघडे हात पुढं ओढलेस आणि भरल्यास. मग ज्यांचे धनी वाचले होते त्या एकेक करून पुढं सरकल्या, आणि बाकीच्या तोंड फिरवून बसल्या. पुढं त्या भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर आदिनाथला नांदेडला पाटबंधाऱ्यात नोकरी लागली आणि मी हे गुडघे घेऊन त्याच्यामागं आले. अण्णाराव गेले, गुडघे राहिले. तर सांगायचं हे की नव्या पेशींवर पहिला हक्क कुणाचा होता, तूच सांग.

आता लातूरचं. सुकन्या पहिल्यांदा परीक्षेला बसली ती आमच्याच घरातून. नांदेडात क्लास कमी आहेत असं कुणी म्हणून बघावं, आमच्या रस्त्यावर किराण्याच्या दुकानांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त. पण मार्क पडले नाहीत. तोंडावर कुणी काही बोललं नाही. सूनबाई आदिनाथला एवढंच म्हणाली की घरात फार बोलणं असतं, पोरीचं ध्यान लागत नाही. आता ह्या घरात बोलतं कोण? आदिनाथ तोंड उघडायलाही वरून मंजुरी मागवील असा. सूनबाई दिवसभर अंगणवाडीवर. उरले कोण? मी तेव्हापासून पोरगी पुस्तक घेऊन बसली की पदर तोंडाला लावून बसायचे. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोरीचं वर्ष आजीच्या जिभेनं खाल्लं, असं ठरून गेलं.

लातूरला तशीच रीत पडली आहे, तुलाही ठाऊक असेल. पोरगं क्लासला जाणार आणि त्याच्या मागं एक आई नाही तर आजी खोलीवर राहणार, भाकरी थापायला. अख्ख्या बिल्डिंगी म्हाताऱ्यांनी भरल्यात. पोरांच्या अभ्यासाच्या वेळेत कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही असा तिथला कायदा, म्हणून आज्या कुकरपुढं मांजरासारख्या टपून बसतात आणि शिट्टी उठायच्या आत गॅस बारीक करतात. पिण्याचं पाणी खालच्या टाकीवर, कळशीनं वर न्यायचं. हे ऐकून मला तर हुरूपच आला. पत्र्याच्या शेडमध्ये संसार केलेली बाई मी, मला काय खोलीचं. ट्रंकेत दोन लुगडी भरूनसुद्धा ठेवली होती. पण खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आदिनाथ जेवता जेवता ताटाकडं बघत म्हणाला, "आई, ते जिने तुझ्यानं व्हायचे नाहीत. उदगीरच्या आईंचे गुडघे आता चांगले आहेत." झालं. नात माझ्या मांडीवर वाढली, आणि आजी ठरली गुडघ्यांवर.

मग मीही हट्टाला पेटले. आदिनाथच्या मागं लागून इथल्या एका हाडाच्या डॉक्टरकडं गेले, पार्वतम्माला दिल्या तशा पेशी मलाही द्या म्हणून. आता माझी अक्कल ऐक. पार्वतम्मानं डोक्यात भरवलं होतं की निवड होते, बऱ्या गुडघ्यांनाच घेतात. घरात दोन वर्षं परीक्षेशिवाय दुसरं बोलणं नाही, मला वाटलं हीही प्रवेशपरीक्षाच. म्हणून मी तयारी केली. आठवडाभर शेक घेतला, सकाळी दुखण्याची गोळी घेतली, वर आणखी एक घेतली, आणि आदिनाथचा हात न धरता ताठ आत गेले. डॉक्टरनं विचारलं, दुखतं का? म्हटलं, न्हाई. जिना? चढते की. मांडी? घालते. रात्री ठणकतं का? छ्या. पोरगी बघायला पाहुणे आले की तिच्याकडचे कसं सांगतात, स्वयंपाक येतो, शिवण येतं, स्वभाव गरीब आहे, तसं मी माझ्या गुडघ्यांचं सांगून राहिले होते. डॉक्टर आदिनाथकडं बघायला लागला की मग हिला आणली कशाला. मग फोटो काढला. तो उजेडाला धरून म्हणाला, "आजी, तुमचं तोंड एक सांगतं आणि हाडं दुसरंच." दोन्हीकडं गादी संपलेली, हाडावर हाड. म्हणाला, त्या पेशींचाच अजून पक्का पुरावा नाही, आणि एवढ्या झिजलेल्या गुडघ्यात तर मी त्या सोडणारच नाही, उगाच आशा लावल्यासारखं होईल. सांधा बदलायचा विचार करा. मी म्हटलं, पोरांना दुसऱ्यांदा बसू देतात, माझाही फोटो दुसऱ्यांदा काढा. आदिनाथनं मला दंडाला धरून बाहेर आणलं. गोळ्यांचा असर रिक्षातच उतरला.

तेव्हापासून हे वर्ष मी कसं काढलं, माझं मला ठाऊक. फोन आला की पार्वतम्माच्या कौतुकाचा. आजी पाणी भरते, आजी क्लासपर्यंत डबा घेऊन येते, आजीला बिल्डिंगीतल्या सगळ्या आज्या गुडघ्यांचं विचारायला येतात. मी हं हं करायचे आणि फोन ठेवला की भांडी आपटायचे. मी जळते हे मला कळतं, तू मला शिकवू नकोस. मी देवाला हात जोडून सांगायचे, पोरीचं भलं कर, आणि मग हात जोडलेलेच ठेवून म्हणायचे, पार्वतम्माचा निदान एक गुडघा तरी दुखू दे. एकच. डावा.

आता मोठी खुशी. होळीनंतरच्या रविवारी आदिनाथ अंघोळीला गेला होता आणि त्याचा फोन वाजला. मी खाटेवर होते, उचलला. पलीकडून एक बाई, हैदराबादची बोली. "पार्वतम्मा बोल रहे क्या अम्मा?" आणि माझ्या तोंडातून निघालं, हाव. का निघालं ते विचारू नकोस. माझी आजीपणाची जागा तिनं घेतली, मी घडीभर तिचं नाव घेतलं तर काय बिघडलं? बाई म्हणाली, दवाखान्यातून बोलते, घुटना कैसा है? आता काय सांगायचं? वर्षभर ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तुझ्या अम्मीच्या हाताखाली शिकलेली बोली कामाला आली. मी म्हटलं, "लई अच्छा है बेटी. तीन मंजिल चढती मैं. पानी की कळशी लेके. नीचे बैठती, उठती. रात को नींद आती." बिलकीस, माझे पाय खाटेवर लांब केलेले होते आणि त्यांच्यावर गरम पाण्याची पिशवी होती. पण बोलत होते तेवढा वेळ मी चढत होते गं. तिसऱ्या मजल्यावर पोचून पोरीला डबा दिला मी.

ती बाई खूश झाली. मग म्हणाली, आमची तपासणी आता पुरी झाली, म्हणून सांगायला फोन केला. सुरुवातीलाच सांगून तुमची सही घेतली होती, की अर्ध्या लोकांना पेशी मिळतील आणि अर्ध्यांना नुसतं सलाईन. मगज सगळ्यांचाच काढला, म्हणजे कुणालाच कळू नये, सुई टोचणाऱ्या डॉक्टरलाही नाही. आता यादी उघडली. तुम्ही सलाईनवाल्यांत होता. मी विचारलं, सलाईन मतलब? ती म्हणाली, "नमक का पानी, अम्मा."

मिठाचं पाणी. पार्वतम्माच्या दोन्ही गुडघ्यांत, त्या निवडून घेतलेल्या, मांडी घालणाऱ्या, मिरवणाऱ्या गुडघ्यांत, मिठाचं पाणी. सही करताना तिनं नुसतं निवडलं एवढंच ऐकलं असणार. मी म्हटलं, फिर चढती कैसी? ती म्हणाली, होतं असं पुष्कळांचं. इलाज झाला ह्या भरवशावर माणूस हिंडू-फिरू लागतं, व्यायाम सांगितला होता तो नेमानं करतं, वजन उतरतं, दुखणं मागं पडतं. गुडघ्याची झीज मात्र होती तशीच आहे. आणि पुढं म्हणाली, तुम्हाला हवं असेल तर आता खऱ्या पेशी देऊ, पावसाळ्याच्या आत येऊन जा, तारीख ठरवायला परत फोन करते. मी फोन ठेवला आणि पदरात तोंड घालून अशी हसले, अशी हसले की आदिनाथ ओल्या अंगानं बाहेर आला, आईला फेफरं आलं का बघायला. मी म्हटलं, काही नाही रे, रॉंग नंबर.

मी ही खबर कुणाला दिली नाही. अशी खबर फोनवर घालवायची नसते, समोर बसून, तोंड बघत सांगायची असते. पाडव्याचं निमित्त होतं. नातीच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची म्हणून मी एकटीच एसटीत बसून लातूरला गेले. वाटेत अहमदपूरला चहासुद्धा घेतला नाही, तोंडातलं वाक्य पुसलं जाईल म्हणून. मग ते जिने. कठड्याला धरून, एक पाय वर, दुसरा त्याच्याशेजारी, मग उभी. दुसऱ्या मजल्यावरच्या चाकूरच्या एका आजीनं दार उघडून पाणी दिलं आणि म्हणाली, उदगीरची आजी तर हरणासारखी जाते बघा. मी मनात म्हटलं, जाऊ दे आज शेवटचं.

दारात पार्वतम्मा उभी. "बर्री विहीणबाई, कुंदर्री," आत या, बसा, तिचं ते कानडी आर्जव. पाणी दिलं, आणि माझे पाय बघून काही न विचारता वाटीत तेल गरम करून आणलं. मी नको नको म्हणेपर्यंत ती खाली बसलीसुद्धा, मांडी घालून, आणि माझा गुडघा आपल्या मांडीवर घेऊन चोळायला लागली. म्हणाली, "तुमच्यावर भिंत पडली होती, केवळाबाई. देवानं न्याय केला असता तर ह्या पेशी तुम्हाला द्यायला पाहिजे होत्या." मी वर्षभर जे वाक्य देवाला ऐकवत होते, ते तिच्या तोंडून. आता सांगायचं तरी कसं? राग आला मला. म्हटलं थांब, तेल चोळून झालं की सांगते.

तेवढ्यात सुकन्या क्लासवरून आली. वाळली आहे पोरगी. गाठी घातली गळ्यात, लहानपणीसारखी एक कडी तोडून तोंडात टाकली. पार्वतम्मा कळशी घेऊन खाली गेली तेव्हा माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "आजी, मागच्या वर्षी पेपर हातात आला आणि भीतीनं मी एकच प्रश्न परत परत वाचत बसले. येत होतं तेही लिहिलं नाही. उठून जाणार होते. कुणालाच सांगितलं नाही." माझ्या जिभेवर आख्खं वर्ष ठेवलेला आळ, तो असा मिनिटात उतरला, आणि पोरीला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. ती पुढं म्हणाली, "ह्या वर्षी नाही उठणार. भीती वाटली की मी आजीला जिना चढताना बघते. ह्या वयात तिचे गुडघे नवे झाले, मला तर फक्त एक पेपर लिहायचा आहे."

मी गॅलरीत येऊन खाली बघितलं. तिथून जिना उघडा दिसतो. पार्वतम्मा वर येत होती, कमरेवर भरलेली कळशी, कठड्याला हात नाही. तिच्या गुडघ्यांत काहीच नव्हतं गं बिलकीस, आणि ती चढत होती. तिला खऱ्या पेशी मिळाल्या असत्या तर मी म्हटलं असतं, नशीब तिचं. पण नुसत्या पाण्यावर अशी चढायची हिकमत त्या बाईत आली कुठून? त्या घडीला मी तिच्यावर जेवढी जळले तेवढी कधी जळले नव्हते. आणि भीतीही वाटली. मी एक शब्द बोलले तर ती कळशी मधल्या जिन्यावरच खाली ठेवील, आणि ही पोरगी मे महिन्यात कुणाकडं बघणार, माझ्याकडं? मी तर अजून दुसऱ्या मजल्यावरच दम खात असेन. पार्वतम्मा वर आली, मी तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. वाक्य तोंडातच राहिलं. अजून आहे. लई जड आहे.

आता हे सगळं तुला कशासाठी लिहिलं ते ऐक. ती हैदराबादची बाई तारखेसाठी परत फोन करणार आहे, आणि आदिनाथ दिवसा फोन घेऊन ऑफिसात असतो, साहेबासमोर उचलत नाही. ती म्हणाली होती, हा नंबर लागला नाही तर कागदावरच्या दुसऱ्या नंबरवर करते. तो नंबर मी तिला विचारला. बिलकीस, तो तुमच्या दुकानाचा आहे. पार्वतम्मानं शेजार म्हणून दिलेला. फरहान भला पोरगा आहे, त्यानं उचलला तर तो ताबडतोब लातूरला फोन लावून निरोप देईल. तेव्हा पेपर होईपर्यंत दुकानातला फोन तू उचलायचा. हैदराबादची बोली कानावर आली की स्पीकर बंद कर. ऐकू नाही आलं तरी चालेल, तुला ऐकायचं काहीच नाही, फक्त बोलायचं आहे. पार्वतम्मा का विचारलं की हाव म्हण. घुटना अच्छा है म्हण, तीन मंजिल चढती म्हण, आणि नातीचा इम्तिहान झाल्यावर तारीख घेते म्हण. तिच्या हक्काच्या पेशी मी बुडवणार नाही, पावसाळ्याच्या आत आदिनाथ तिला घेऊन जाईल. एक महिनाभर आपण तिघी पार्वतम्मा. पण पेपर सुटला की त्याच दिवशी मी लातूरला जाणार आणि सांगणार ते मीच सांगणार, समोर बसून. तिचं तोंड कसं होतं ते बघायचं सुख मी कुणालाही देणार नाही, तुलासुद्धा नाही.

तुझीच,
केवळा